नऊ तासांचं बंदर, सव्वातीन तासांचा गोवा

क्रूझच्या सहलीचं पत्रक घरात आलं की घाटंजीतल्या माणसाची नजर आधी एका ओळीवर जाते: ‘गोवा, सकाळी 9 ते संध्याकाळी 6.’ नऊ तास! लगेच वहीत यादी सुरू होते. जुन्या गोव्यातली चर्चेस, मंगेशी, शांतादुर्गा, दोना पावला, कळंगुटचा किनारा, येताना काजू आणि कोकम. मुलाने पुण्याहून तिकिटं काढून दिलेली असतात, आईबाबांचा पहिलाच बोटीचा प्रवास असतो आणि समुद्र पाहायचा तर सगळा गोवाही पाहून घेऊ, असा साधा विचार असतो. परतल्यावर मात्र ऐकायला मिळतं ते वेगळंच. एक चर्च झालं, एक देऊळ झालं, बाकी वेळ गाडीत आणि रांगेत गेला, शेवटी तर पळापळ झाली.

मग नऊ तास गेले कुठे? आणि हजारभर माणसं घेऊन निघालेली बोट दोन माणसांसाठी दहा मिनिटं का थांबत नाही? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. बोट बंदरात कशी येते आणि कशी सुटते, हे समजलं की बंदरावरचा दिवस कसा आखायचा तेही आपोआप समजतं.

धक्क्यावरची पाळी

बंदरात बोट बांधायला धक्का लागतो आणि मोठ्या बोटीला पुरेल एवढा लांब, खोल पाण्याचा धक्का प्रत्येक बंदरात मोजकाच असतो. उदाहरण म्हणून ‘एम्प्रेस’ ही बोट घ्या. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्यांमुळे ती मराठी प्रवाशांच्या ओळखीची झाली आहे. 1990 मध्ये बांधलेल्या या बोटीची लांबी सुमारे 211 मीटर. एवढी जागा धक्क्यावर तिच्यासाठी ठरावीक वेळेपुरती राखलेली असते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा एक गाडी काट्यावर अडून राहिली की मागच्या सगळ्यांचा दिवस लांबतो. धक्क्याचं गणित तसंच आहे. फरक एवढाच की इथे मागे उभी असलेली गाडी दोनशे मीटर लांबीची असते आणि तिला रस्त्याच्या कडेला लावता येत नाही.

धक्का मोकळा असून भागत नाही. बंदराच्या पाण्यात कुठे गाळ साचला आहे, प्रवाह कसा ओढतो, वळण कुठे घ्यायचं हे त्या बंदराच्या पायलटला ठाऊक असतं. इथे पायलट म्हणजे बंदराचा वाटाड्या अधिकारी. तो छोट्या होडीतून येतो, दोरांच्या शिडीने बोटीवर चढतो आणि कप्तानाच्या शेजारी उभा राहून बोट आत आणतो. सुटतानाही तोच बाहेर काढून देतो. गरज असेल तिथे टग, म्हणजे बोटीला ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या दांडग्या नौकाही लागतात. पायलट आणि टग यांची वेळ आधी ठरलेली असते. त्या बोटीनंतर त्यांना दुसरी बोट असते.

त्यावर भरती-ओहोटी. मुंबईच्या बंदरात मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी पाचेक मीटर वरखाली होते, म्हणजे दीड मजल्याचा फरक. म्हणून तर 1914 साली सुरू झालेल्या तिथल्या अलेक्झांड्रा डॉकला, आजच्या इंदिरा डॉकला, दरवाजे बसवून आतलं पाणी अडवून धरावं लागलं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. उथळ तोंडाच्या बंदरात एक भरती हुकली तर पुढचीची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

एका तासाचं तेल

‘ठीक आहे, उशिरा सुटा आणि जरा जोरात चालवा,’ असं वाटणं स्वाभाविक आहे. रस्त्यावर ते थोडंफार जमतं, पाण्यात फार महागात पडतं. बोटीला पुढे ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर ताकद दुपटीवर थांबत नाही, आठपटीच्या आसपास जाते.

आकडे मांडून पाहू. मुंबई ते मुरगाव, म्हणजे गोव्याचं बंदर, हे अंतर समुद्रमार्गे सुमारे 225 सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. हे अंतर चौदा तासांत कापायचं तर ताशी सोळा सागरी मैल पुरतात. सुटायला एक तास उशीर झाला आणि तरी ठरल्या वेळी पोचायचं असेल, तर तेरा तासांत तेवढंच अंतर, म्हणजे ताशी सव्वासतरा मैलांहून थोडं जास्त. वेग वाढला आठ टक्क्यांच्या आत. पण इंजिनाला लागणारी ताकद वाढली चौथाईने, आणि एक तास कमी चालूनही त्या रात्रीचं बोट ढकलण्याचं तेल साधारण सहाव्या हिश्शाने जास्त जळलं. कप्तान दोन प्रवाशांसाठी थांबत नाही, त्यामागे हा हिशेब असतो. पुढच्या बंदरातला धक्का, तिथला पायलट आणि वेळेत आलेले बाकीचे सगळे प्रवासी हेही त्याच हिशेबात आले.

सकाळचा तास

पत्रकावरची ‘9’ ही बोट धक्क्याला लागण्याची वेळ असते. आपलं पाऊल जमिनीवर पडण्याची ती वेळ नव्हे. दोर टाकले जातात, ते धक्क्यावरच्या लोखंडी खुंटांना अडकवले जातात, बोट हळूहळू आवळून घेतली जाते. मग उतरायची शिडी लागते. बंदराचे अधिकारी कागद पाहतात आणि ‘आता उतरू द्या’ असा निरोप येतो. परदेशातून आलेल्या बोटीला आरोग्य, इमिग्रेशन आणि कस्टमची तपासणीही असते.

त्यानंतर रांग. शिडीच्या तोंडाशी एक यंत्र असतं. खोलीचं कार्ड त्यावर टेकवलं की पडद्यावर आपला फोटो उमटतो, रखवालदार एकदा फोटोकडे आणि एकदा आपल्याकडे पाहतो, आणि बोटीच्या हिशेबात आपण ‘बाहेर’ जातो. परत येताना हेच उलट होतं. संध्याकाळी कोण अजून आलेलं नाही हे कप्तानाला त्याच यंत्रावरून नावानिशी कळतं. शिडीचा उतारही सकाळसारखा दुपारी राहत नाही, कारण मधल्या काळात भरती-ओहोटीने बोट धक्क्याच्या तुलनेत वर उचललेली किंवा खाली बसलेली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाने सकाळी सहज उतरलो म्हणून संध्याकाळीही सहज चढू, असं धरून चालू नये. मदतीला माणूस असतो, त्याला सरळ सांगावं.

एवढं होऊन बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सीत बसेपर्यंत तास जातो. धक्का ते फाटक हे अंतर बहुधा पायी चालू देत नाहीत, कारण मधे मालाची वाहतूक असते. बंदराच्या बसची वाट पाहावी लागते.

उलटीकडून मोजा

आता आखणीची मेख. आपण सवयीने सकाळपासून पुढे मोजत जातो. बंदरावरचा दिवस मात्र संध्याकाळपासून मागे मोजत यायचा. मुरगावच्या दिवसाचा असा हिशेब खालच्या चौकटीत मांडला आहे. वेळा नमुन्यादाखल धरल्या आहेत, आपल्या बोटीच्या पत्रकावरून त्या बदलून घ्याव्यात.

चौकट: मुरगावचा उलटा हिशेब
संध्याकाळी 6.00: बोट सुटते.
5.00: सगळे प्रवासी बोटीवर. प्रत्येक बोट ही वेळ आदल्या रात्रीच्या सूचनापत्रात छापते, तीच खरी शेवटची वेळ.
4.30: बंदराच्या फाटकात. तपासणी, बस, शिडी यांना अर्धा तास.
3.30: एरवी या वेळी फाटकात पोचू, असं गृहीत धरायचं. पुढचा एक तास पंक्चर, कोंडी, मिरवणूक यांच्या नावाने राखून ठेवलेला.
2.15: मंगेशीहून परतीला निघायचं. सव्वा तासाचा रस्ता.
11.00: जुन्या गोव्यात पोचतो. फाटकातून 10 वाजता निघून एक तास.
हातात उरले: 11.00 ते 2.15, म्हणजे सव्वातीन तास. यातच मधला रस्ता आणि जेवण.

नऊ तासांचे सव्वातीन तास झालेले पाहून मन खट्टू होतं खरं. पण हा आकडा निघण्याआधी हाती असला तर यादीतली चार नावं घरीच खोडली जातात, आणि उरलेल्या दोन ठिकाणी माणूस निवांत उभा राहतो. माझ्या मते तर ‘सगळा गोवा’ या हट्टापायीच सर्वाधिक दिवस वाया जातात. कळंगुटचा किनारा मांडवीच्या पलीकडे, उत्तरेला आहे. मुरगावहून त्याच्या मागे लागणं म्हणजे दिवस रस्त्यावर घालवणं.

सव्वातीन तासांत काय बसतं

एखादा धागा धरला तर थोडक्या वेळातही पुष्कळ दिसतं. मुरगावहून जुन्या गोव्याकडे जाताना झुआरी नदीच्या पुलाआधी कुठ्ठाळी लागते. जुनं नाव कुशस्थळी. मंगेशाचं मूळ देऊळ इथलं. पोर्तुगीज राजवटीत देवळांवर संकट आलं, तेव्हा 1560 साली भक्तांनी देव नदीपार प्रियोळला हलवला. तेच आजचं मंगेशी. पुढे 1739 मध्ये पेशव्यांनी ते गाव देवस्थानाला दिलं.

पूल ओलांडून जुन्या गोव्यात आलं की बॉम जीझस बॅसिलिका. 1594 मध्ये पाया घातला, 1605 मध्ये चर्च पूर्ण होऊन खुलं झालं. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथल्या चांदीच्या पेटीत आहेत. बाहेरून पाहाल तर भिंती गिलावा नसलेल्या, तांबूस जांभ्याच्या, आणि आत शिरलात की समोर सोन्याच्या मुलाम्याची वेदी. रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल. दोन्हींना मिळून सव्वा-दीड तास द्यावा. मग बाणस्तारीच्या पुलावरून मंगेशी, साधारण बारा किलोमीटर. ज्या सत्तेच्या छत्राखाली ही चर्चेस उभी राहिली, तिच्याच धाकाने निघालेला देव आपण तासाभरात गाठतो. कुठ्ठाळी, जुनं गोवं आणि मंगेशी एकाच दिवसात या क्रमाने पाहिली, तर सोळाव्या शतकातला गोवा पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कळतो. परतताना फोंडा, बोरीचा पूल आणि वेर्णा असं आलं की जातानाचा रस्ता पुन्हा लागत नाही. चर्च आणि देऊळ दोन्हीकडे खांदे-गुडघे झाकणारे कपडे असावेत, आणि टॅक्सी आधी ठरवलेली बरी.

इतकं फिरणं झेपणार नसेल तर बोगमाळो जवळ आहे. तिथे नौदलाचं विमान संग्रहालय आहे, शेजारी किनारा आहे. नातवंडं सोबत असतील तर मी हेच सुचवेन. फक्त तो सोमवार नसावा, संग्रहालय सोमवारी बंद असतं.

वाराची ही गोष्ट बंदरावर फार महत्त्वाची, कारण बोट पुन्हा उद्या तिथे नसते. बोट कोचीला जात असेल तर तिथला नमुना पाहा. बोट जिथे लागते ते विलिंग्डन हे बेटच मुळी बंदर खोल करताना काढलेल्या गाळाने भर घालून, अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो यांच्या देखरेखीखाली तयार झालं. तिथून मट्टनचेरी अगदी जवळ. पण 1568 सालचं परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद असतं आणि शुक्रवारी लवकर मिटतं. रामायणाच्या भित्तिचित्रांचा मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद. शुक्रवारी दुपारी कोचीत उतरणाऱ्याने या दोन्हींवर विसंबू नये. त्याने चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च आणि चेरळाईतलं तिरुमला देवस्वम हे कोकणी समाजाचं मंदिर धरावं. गोव्यातून सोळाव्या शतकात दक्षिणेला गेलेली सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली. मंगेशीत जी गोष्ट सुरू झाली तिचा पुढचा भाग इथे सापडतो. सकाळी त्या गल्ल्यांत कोकणी कानावर पडते आणि मराठी माणसाला ती बरीचशी समजते.

जिथे धक्काच नाही

लक्षद्वीपचं गणित अगदी निराळं. ही बेटं प्रवाळांची. बेटाभोवती प्रवाळाची कड असते आणि कडेच्या आत गुडघाभर ते पुरुषभर खोलीचं शांत, हिरवंनिळं पाणी असतं. त्याला लगून म्हणतात. कडेबाहेर समुद्र एकदम खोल होतो. मोठी बोट आत येऊ शकत नाही, म्हणून ती बाहेरच उभी राहते आणि प्रवासी छोट्या होड्यांतून बेटावर नेले जातात.

कोकणातल्या जुन्या माणसांना यात नवं काहीच वाटणार नाही. मुंबईहून निघणारी कोकणबोट अनेक बंदरांत धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत, आणि ट्रंका, पोरं, आंब्याच्या पेट्या यांच्यासकट उतारू हेलकावणाऱ्या पडावात उतरत. आजही पद्धत तीच आहे, कवच आणि इंजिन तेवढं सुधारलं आहे. होडी लाटेबरोबर वर येते त्या क्षणी खलाशी आपला हात कोपराजवळ घट्ट पकडतो आणि ‘आता’ म्हणतो. तेव्हाच पाऊल टाकायचं, आधी नाही आणि नंतरही नाही. दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी पाठीवर, मोबाइल खिशात, पायात मागून पट्टा असलेली चप्पल.

वेळेच्या दृष्टीने इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. होड्या टोकन क्रमाने सुटतात, त्यामुळे टोकन उशिरा घेणाऱ्याचा तासभर बोटीवरच जातो. आणि लाट वाढली तर कप्तान बेटावर जाणं पूर्ण रद्द करतो. म्हणून बेटावरच्या कशाचेही परत न मिळणारे पैसे आगाऊ भरू नयेत. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश-परवाना लागतो. बोटीच्या सहलीत तो बहुधा कंपनीच काढते, तरी कागदपत्रं कधीपर्यंत द्यायची ते तिकीट काढतानाच विचारून घ्यावं.

घड्याळ कुणाचं?

देशातल्या फेरीत हा प्रश्न येत नाही. पण सिंगापूरहून पेनांग आणि फुकेतला जाणाऱ्या बोटींवर मराठी मंडळी मोठ्या संख्येने असतात आणि तिथे नेमकी गफलत होते. सिंगापूर आणि पेनांगचं घड्याळ एक, फुकेतचं त्याच्या एक तास मागे. बोट अनेकदा आपलं घड्याळ बदलत नाही. किनाऱ्यावर उतरताच मोबाइल मात्र आपोआप फुकेतची वेळ दाखवू लागतो. ‘पाचला परत या’ हे बोटीचे पाच असतील, तर मोबाइलवर तेव्हा चार वाजलेले असतात. मोबाइल पाहून पाचला पोचलेला माणूस तासभर उशिरा आलेला असतो. यावर उपाय जुनाच: मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावायचं आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही.

बोटीची सहल की स्वतःची टॅक्सी?

बोटीवर विकली जाणारी सहल महाग असते. स्वतः टॅक्सी ठरवली तर चौघांच्या कुटुंबाचे बरेच पैसे वाचतात. मग लोक महाग सहल का घेतात? कारण त्या पैशात वेळेची हमी असते. बोटीची स्वतःची बस अडकली तर बोट शक्यतो थांबते, नाहीतर कंपनी आपल्या खर्चाने प्रवाशांना पुढच्या बंदरात नेऊन पोचवते. स्वतःच्या टॅक्सीत अडकलेल्याला ही हमी नाही.

मार्च 2024 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ तोमे बेटावर हे सगळ्या जगाने पाहिलं. ‘नॉर्वेजियन डॉन’ या बोटीचे आठ प्रवासी खाजगी सहलीवरून उशिरा परतले. बोट अजून नांगर टाकून समोरच उभी होती. तटरक्षक दलाने त्यांना होडीतून बोटीपर्यंत नेलंसुद्धा, पण वर घेतलं गेलं नाही. त्यांचे पासपोर्ट बंदरातल्या एजंटाकडे ठेवले होते. मग विमानं बदलत, देश ओलांडत ते गांबियात बोट गाठायला निघाले, तर ओहोटीमुळे बोट त्या बंदरात लागलीच नाही. शेवटी एप्रिलच्या सुरुवातीला सेनेगलमधल्या डकारला ते बोटीवर चढले.

मी असा निकष लावते: ठिकाण बंदरापासून अर्ध्या तासाच्या आत असेल, रस्ता माहितीचा असेल आणि भाषा येत असेल, तर स्वतःची टॅक्सी. ठिकाण दीड-दोन तासांवर असेल किंवा मधे फेरीबोट असेल, तर बोटीचीच सहल. गोवा या दोन्हींच्या मधे येतो. तिथे चौकटीतला राखीव तास पाळला तर टॅक्सी चालेल. कुठेही जा, सूचनापत्रावर छापलेला बंदर-एजंटाचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा, ओळखपत्र जवळ असावं आणि रोजच्या गोळ्या एक-दोन दिवस पुरतील एवढ्या सोबत घ्याव्यात.

घाटंजीहून निघताना

उलटा हिशेब बोट सुटण्याच्या पहिल्या बंदरालाही लावावा लागतो आणि आपल्यासाठी ते बंदर मुंबई आहे. घाटंजीहून यवतमाळ, तिथून धामणगाव किंवा वर्धा, मग रात्रभराची रेल्वे, असे तीन टप्पे. यातला कुठलाही चुकू शकतो. बोटीची नावनोंदणी सुटण्याच्या तास-दोन तास आधी बंद होते, आणि ती हुकली तर पूर्ण सहलीचे पैसे पाण्यात जातात. ज्या दिवशी बोट सुटते त्याच सकाळी मुंबईत उतरणारी गाडी धरू नये. आदल्या दिवशी पोचावं आणि फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास मुक्काम करावा. बोट सुटते तो धक्का, बॅलार्ड पिअर, तिथून जेमतेम दोन किलोमीटर आहे.

परतीच्या दिवसाचा मात्र फायदा करून घेता येतो. बोट सकाळी मुंबईला लागते आणि विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते. मधला दिवस हेही एक बंदरच समजावं. सामान सीएसएमटीच्या सामानघरात ठेवावं. दुपारी बाराच्या आत मोकळे झालात, वार सोमवार नसेल आणि पावसाळा नसेल, तर गेटवेहून घारापुरीची लाँच पकडावी. जायला तास, यायला तास, वर लेण्यांच्या पायऱ्या. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावं. तिथून सीएसएमटी टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे, तरी संध्याकाळच्या कोंडीसाठी अर्धा तास हाताशी ठेवून निघावं.